फुलांची तोंडं

१

त्या वर्षी उन्हाळा लागतो न लागतो तोच पाऊस आला, आणि आला तो चांगला भिजवून गेला. घरामागे जुन्या वीटभट्टीचा चढ होता. भट्टी बंद पडून जमाना झालेला. वरती काळंकुट्ट धुराडं तेवढं उभं, बाकी सगळी राखट माती, विटांचे तुकडे आणि काटे. एरवी तिकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि त्या उजाड चढाला काय झालं कोण जाणे, अंगभर फुलं फुटली. रानपुदिन्याचे जांभळे तुरे, बडीशेपेच्या पिवळ्या छत्र्या, पांढऱ्या चांदण्या, आणि ज्यांना नावच नाही अशी निळी बटणं, कुणी डबा उपडा केल्यासारखी सांडलेली.

घरात दोघी बहिणी. थोरली ती ताई. धाकटीला सगळे धाकटीच म्हणत, केस पिकायला लागले तरी. आई लवकर गेली तेव्हा ताईने तिला मांडीवर घेतलं, ते खाली म्हणून उतरवलंच नाही. ताईचं बाजारात सुका पाला नि मुळ्या विकायचं दुकान होतं. खोकला घेऊन आलेला माणूस तिच्या दुकानातून पाला आणि चार टोमणे दोन्ही घेऊन जायचा. तीच ताई आता अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. ज्या आवाजात म्हणाले त्यावरून धाकटीला कळायचं ते कळलं, पण मन मानेल तर ना.

ताईने खाणं सोडत आणलं होतं. चमचा ओठाला लागला की मान फिरवायची. मग एका सकाळी धाकटीने चढावरच्या निळ्या बटणांचा फोटो काढून आणला आणि ताईसमोर धरला. ताईने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, ही तुला कुठं सापडली म्हणाली, आणि बोलता बोलता वाटीतलं सगळं संपवून मोकळी झाली.

तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून धाकटी उठली की ताईला उशीला टेकवून बसवायची, गोळ्या द्यायची, आणि कॅमेरा गळ्यात अडकवून मागच्या दाराने चढावर. तिथून तशीच स्टुडिओत. कामाला ती फोटो स्टुडिओतच होती. संध्याकाळी येताना फोटो छापून आणायचे आणि ताईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवायचे. स्टुडिओचा मालक आधी कुरकुरला, मग फोटो बघून म्हणाला, गिऱ्हाइकं बरी आहेत, एकही डोळे मिटत नाही.

एक मात्र होतं. धाकटीने आयुष्यभर माणसांची तोंडं काढली होती. हनुवटी खाली, खांदे सरळ, इकडे बघा. त्यामुळे फुलाचंही तिला तोंडच हवं असायचं. फूल जिकडे बघतंय तिकडे जाऊन ती मातीत बसकण मारायची आणि समोरून फोटो घ्यायची. मागे पडदा म्हणून धुराड्याच्या काळ्या विटा. घराकडे पाठ, धुराड्याकडे कॅमेरा. रोज हीच रीत.

भिंत बघून ताई म्हणाली, "फुलांचे पासपोर्ट काढतेस का गं? कुठे निघालीत ही सगळी?"

धाकटी हसली. ताई त्या दिवशी दोन वाट्या जेवली.

२

खोड निघाली ती ताईनेच काढली. अंथरुणावरच्या माणसाला दुसरा उद्योग काय? दिवसभर भिंत बघायची.

एका संध्याकाळी धाकटी पाय धुऊन आत आली तर ताई म्हणाली, जरा तो फोटो काढून दे. मग तो शेजारचा. मग म्हणाली, सगळेच दे. पांघरुणावर फोटो पसरून ती बराच वेळ बघत बसली. धाकटीला वाटलं, रंग चुकले असतील. छपाईचं यंत्र हल्ली हिरवा जास्त मारत होतं.

"यांच्या सावल्या बघ," ताई म्हणाली.

धाकटीने बघितलं. सावल्या होत्या. सकाळच्या होत्या म्हणून लांब होत्या.

"कुठे पडल्यात?"

पुढे पडल्या होत्या, फोटो बघणाऱ्याच्या अंगावर आल्यासारख्या. धाकटी म्हणाली, मग त्यात काय? सूर्य धुराड्यामागून वर येतो, म्हणजे सावल्या घराकडेच पडणार.

"म्हणजे ऊन यांच्या पाठीवर आहे. आणि तोंड आपल्याकडे. जन्म गेला माझा झाडपाल्यात. सकाळच्या उन्हाला पाठ करून बसलेलं फूल मी बघितलं नाही. एखादं वेडं असतं. चढच्या चढ कसा वेडा होईल?"

धाकटीने मान डोलावली नि फोटो गोळा करून परत लावायला घेतले. माती खराब आहे, म्हणाली. भट्टीची राख आहे सगळी. पाऊसही अवेळी आला. काही ना काही कारण असणारच, आपल्याला ठाऊक नसलं म्हणून काय झालं. एवढं बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की कुणी विचारलेलं नसताना आपण तीन कारणं दिली.

दिवा बारीक करून ती निघाली तेव्हा ताई अजून भिंतीकडेच बघत होती. तिथून तिने विचारलं, सहज, मीठ कुठं आहे विचारावं तसं.

"धाकटे, तू फोटो काढतेस तेव्हा तुझ्या पाठीमागची फुलं कुठे बघतात गं?"

३

स्टुडिओत कॅमेऱ्याच्या मागे भिंत असते. समोर माणूस, मागे भिंत, मध्ये आपण. इतकी वर्षं असं काम केलेल्या बाईला मागे वळून बघायचं सुचावं तरी कसं? धाकटीने चढावर एकदाही मागे बघितलं नव्हतं.

सकाळी ती नेहमीसारखी गेली. ओली माती, बुटाला चिकटणारी. कुंपणापाशी मधमाश्यांचा गुंजारव अगदी भरात होता. जसजशी ती पुढे गेली तसतसा तो कमी होत गेला, आणि जिथे फुलांची तोंडं नीट समोर आली तिथे तर काही ऐकूच येईना. आजवर तिला त्याचं बरं वाटायचं. शांतपणे काम होतं म्हणून. आज ती तिथे बसली, कॅमेरा डोळ्याला लावला, समोरच्या पांढऱ्या चांदण्या भिंगात बघितल्या. सगळ्या टक लावून. मग कॅमेरा खाली केला आणि बसल्या बसल्या वळली.

मागची फुलंही तिच्याचकडे बघत होती.

तिच्यापासून कुंपणापर्यंतची सगळी. डावीकडची उजवीकडे वळलेली, उजवीकडची डावीकडे. बडीशेपेच्या छत्र्यासुद्धा, ज्या बिचाऱ्या आभाळाकडे बघत सरळ उभ्या राहतात, त्याही कलल्या होत्या. वारा नव्हता. नाटकाचा पडदा वर जायच्या आधी थिएटरात जी एक चुप्प शांतता पसरते, ती त्या चढावर पसरली होती, आणि मधोमध ही बाई, बुटाला चिखल लागलेली.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण आधी वाटलं ते वेगळंच. इतकं कुणी कुणाकडे बघू शकतं हे तिला माहीत नव्हतं. लेकरू पहिल्यांदा आईकडे बघतं तेवढं सोडलं तर.

मग तिने डोकं चालवलं. मी बाई हलते, म्हणाली, बघू ही काय करतात. उठून ती बाजूला झाली, चांगली दहाबारा पावलं, आणि एका दगडावर उभी राहिली.

एकाही फुलाने मान वळवली नाही. ती जिथे बसली होती त्या रिकाम्या जागेकडेच सगळी बघत राहिली.

तिथे काही नव्हतं. तिच्या बसण्याने दबलेलं गवत होतं आणि तेही सावकाश उठत होतं. पण त्या गवतावरचं ऊन तिला बाकीच्या उन्हासारखं वाटेना. जास्त नाही, कमी नाही, फक्त थांबलेलं. म्हणजे इतके दिवस फुलाचं तोंड नीट यावं म्हणून आपण जागा शोधत होतो ती ही. फुलं जिकडे बघतात तिथे जाऊन बसत होतो. आणि तिथे आधीच कुणीतरी असायचं.

४

घरी येऊन तिने नर्सबाईंना सांगितलं. नर्सबाई रोज इंजेक्शन द्यायला यायच्या, बोलायला सैल, हाताला हलक्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, झोप किती झाली तुमची? आजाऱ्याची सेवा करणारं माणूस आजाऱ्याच्या आधी पडतं, माझ्या डोळ्यांदेखत पडलेली आहेत. धाकटीला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. त्या गेल्यावर तिने स्वच्छ तोंड धुतलं आणि ठरवलं की आता चढावर जायचं नाही.

तशी ती भिंतीसमोर उभी राहिली आणि जे बघायचं नव्हतं तेच बघितलं.

पहिल्या फोटोत धुराडं मागे भिंतीसारखं पसरलं होतं. चौकट भरून काळ्या विटा. पुढच्यात ते जरा अरुंद झालं होतं. त्याच्या पुढच्यात दोन्ही बाजूंनी आभाळ आलं. असं होत होत कालच्या फोटोत धुराडं बोटाएवढं राहिलं होतं, फुलांमागे दूर कुठेतरी. धुराडं काही जागचं हललं नव्हतं. रोज धाकटी खाली सरकत होती. आज इथे बसू, आज इथे बरं दिसतंय, असं तिला वाटायचं, आणि प्रत्येक वेळी ती घराच्या थोडी जवळ यायची.

तिने ताईकडे बघितलं. ताई तिच्याकडेच बघत होती, शाळेत गणित सुटलेल्या पोरीकडे बघावं तशी.

"मला परवाच कळलं," ताई म्हणाली. "तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

"आपण दुसऱ्या खोलीत जाऊ. नाहीतर स्टुडिओच्या वरची जागा रिकामी आहे. मालकांना विचारते."

"मला उचलून नेणार? आणि जिन्यात दम लागला तर कुठे ठेवशील, कठड्यावर?"

धाकटी चिडली. ताई हसली आणि खोकली. त्या संध्याकाळी नवे फोटो आले नाहीत. ताईने वाटीतला एक चमचा घेतला आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तेवढाही नाही. धाकटीने चमचा धरून विनवण्या केल्या, दटावलं, शेवटी रडली. फोटो आण, मग बघू, एवढंच ताईचं उत्तर. आता सांगा, काय करावं त्या बाईने? फोटो काढायला जावं तर तिथे जो आधीच असतो त्याच्यापाशी जाऊन बसायचं. न जावं तर ही उपाशी.

५

ती गेली. कुंपणाच्या आत, अंगणातच बसावं लागलं, कारण आता तोंडं तिथे समोर येत होती. तिने मान खाली घालून फोटो काढले, मागे बघितलं नाही, आणि उठताना तिच्या तोंडून आपसूक निघालं, "जरा सरका." गर्दीत म्हणतो तसं. म्हटल्यावर तिच्या अंगावर शहारा आला, कारण समोरची निळी बटणं हलली. अगदी किंचित. कुणीतरी खरंच बाजूला सरकलं असावं आणि त्यांनी नजरेने पाठलाग केला असावा, इतकी.

ताई त्या फोटोंवर जेवली. बोटाने एकेका फुलावरून फिरत, नावं घेत, गालातल्या गालात हसत जेवली.

धाकटीने मात्र मनाशी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. विळा घेतला आणि अंगण साफ करायला घेतलं. दारापासून कुंपणापर्यंत एक फूल ठेवलं नाही. पुदिना कापताना वास असा उठला की डोळ्यांत पाणी आलं. फूल नाही तर बघणार कोण, आणि कुणी बघत नसेल तर तो येईल तरी कशाला, असा तिचा हिशेब. हिशेब वेडा होता, पण हात चालवल्याने जिवाला बरं वाटतं.

कापलेली फुलं तिने बादलीत कोंबली. उलटीसुलटी, जशी हाताला आली तशी. बादली दारात ठेवून ती पाणी प्यायला आत गेली. तांब्या तोंडाला लावला आणि उंबऱ्यापलीकडे तिची नजर गेली.

बादलीतली फुलं नीट झाली होती. तुटलेले देठ, चिरडलेल्या पाकळ्या, काही तर नुसती डोकी. पण सगळ्यांची तोंडं एका बाजूला, बादलीच्या काठावरून बाहेर, अंगणाच्या मध्याकडे.

तांब्या तिने ओट्यावर ठेवला. ठेवताना आवाज होऊ दिला नाही. कुणाची झोपमोड होईल असं नव्हतं, पण तिला वाटलं, आत्ता आवाज करणं बरं दिसणार नाही.

"धाकटे," आतून ताईने हाक मारली. "आलं का गं?"

धाकटी आत गेली आणि पलंगाच्या काठावर बसली. ताईचा हात घेतला. हात म्हणजे काय, काड्या राहिल्या होत्या. कोण आलं, काय आलं, हे तिने विचारलं नाही. ताईलाही ते माहीत असावं असं वाटेना. ताई म्हणाली, तू उगाच घाम गाळलास, फुलांचा काय दोष? बघताहेत बिचारी. बघण्यासारखं असेल म्हणून बघताहेत.

"तू जाऊ नकोस," धाकटी म्हणाली. इतक्या महिन्यांत हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं.

ताईने तिच्या हातावर थोपटलं, आणि काही कबूल केलं नाही.

६

सकाळी सर येऊन गेली, मग लख्ख ऊन पडलं. नर्सबाई इंजेक्शन देऊन, छत्री झटकून गेल्या. मागचं दार उघडंच राहिलं. ते लावायला म्हणून धाकटी गेली आणि उंबऱ्यापाशीच थबकली. पायरीच्या फटीत निळी बटणं उगवली होती. विळ्यातून सुटलेली असतील, नाहीतर रातोरात वर आली असतील. ती उंबऱ्याकडे बघत होती. कालची बादली, कुंपण, त्याच्या पलीकडचा सगळा चढ, वर धुराड्यापर्यंत, एकूण एक फूल उंबऱ्याकडे बघत होतं. मधमाशीचा आवाज कुठे नव्हता. तिचे स्वतःचे श्वास तिला मोठ्याने ऐकू येत होते.

ती दाराला पाठ करून उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला लावले. आत पलंगावर ताई उशीला टेकून बसली होती.

धाकटीने किती तोंडं बघितली असतील हो. हसा म्हटल्यावर हसणारी, लग्न ठरवायला काढलेली, नोकरीसाठी काढलेली, रडून आलेली, दारू पिऊन आलेली. पण आत्ता ताईच्या तोंडावर जे होतं ते तिने कधी भिंगातून बघितलं नव्हतं. वय उतरलं होतं. दुखणं उतरलं होतं. चढावरच्या चांदण्यांसारखं ते तोंड पुरतं उघडं होतं, आणि ते धाकटीकडे बघत नव्हतं. तिच्या खांद्यामागे बघत होतं.

"सरक ना गं," ताई म्हणाली. अगदी हळू, लाडाने. "तू मध्ये आहेस."

धाकटी हलली नाही. पाठीला ऊब लागत होती. उन्हाची म्हणावी तर उन्हाची. मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि तरी तिला पळावंसं वाटेना. उलट वाटत होतं की वळावं. एकदा वळून बघावं, मग काही झालं तरी चालेल. तिने डोळे गच्च मिटले.

"धाकटे. तुला मी कधी काही मागितलं?"

नव्हतं मागितलं. उभ्या जन्मात नाही. धाकटीने चौकटीवरचा एक हात काढला. मग दुसरा. आणि ती भिंतीला अंग चिकटवून बाजूला झाली.

काही आत आलं असं ती कधीच म्हणणार नाही. तिने बघितलं ते फक्त ताईचं तोंड. ते दारापासून सावकाश वळत गेलं, खोलीच्या मध्यापर्यंत, मग पलंगाच्या पायथ्याशी, मग अगदी जवळ, आणि मग जरा वर, कुणी उभं राहिल्यावर आपण मान वर करतो तसं. ताईचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण सुरात ओळख होती. मग खोलीतली ती ऊब गेली, आणि पलंगावर जे राहिलं ते बघून धाकटीला कळलं की आता चमचा, वाटी, गोळ्या, कशाचीच घाई नाही.

ती दारात गेली. आता तिने डोळे मिटले नाहीत.

पायरीवरची बटणं बाहेर वळली होती. बादलीतली वळत होती. कुंपणापलीकडे चढावर ती वळणं एकामागून एक वर सरकत होती, पाण्यावर तरंग जावा तशी. धाकटीला चढ तोंडपाठ होता. एका जागेकडे बघणारी फुलं कशी दिसतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आज ती एका जागेकडे बघत नव्हती. अर्धी एका जागेकडे बघत होती, अर्धी त्या जागेच्या शेजारी, हातभर अंतरावर.

दोन जागा वर चालल्या होत्या. पहिली संथ, सरळ. दुसरी मात्र रेंगाळत होती. पुदिन्याच्या ताटव्यापाशी थांबली. मग पुढे झाली, आणि बडीशेपेपाशी पुन्हा थांबली, आणि तिथल्या सगळ्या छत्र्या तिच्याभोवती कलल्या. पहिली जागा थोडी पुढे जाऊन थांबून राहिली, जशी कुणाची वाट बघावी.

"चल बाई आता," धाकटी पुटपुटली. डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "दुकान मांडून बसशील तिथे."

बडीशेपेच्या छत्र्या हळूहळू सरळ झाल्या. दोन्ही जागा धुराड्यापाशी पोचल्या, त्याच्या मागे गेल्या. मग कुंपणावर एक मधमाशी गुणगुणली, मग दुसरी, आणि वरपासून खालपर्यंत सगळी फुलं सावकाश उन्हाकडे वळली.